अंगाला काय लावू, हे नंतर विचारा

(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात एका त्वचारोगतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

डिसेंबर लागला की दवाखान्यात एकच तक्रार फिरत असते. कोणी म्हणतं, "डॉक्टर, अंग कसं खाजून राहिलं पाहा ना." कोणी पोटरीवर नखाने रेघ ओढून दाखवतं, ती पांढरीफट उमटते. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "लावायला काही तरी लिहून द्या." मी लिहून देतो. पण आधी आंघोळीची चौकशी करतो. पाणी किती गरम, साबण कोणता, कुठे कुठे लावता, घासायला काय. बऱ्याच जणांना हे आवडत नाही. त्यांना ट्यूब हवी असते. आज तुमचीही तीच चौकशी करणार आहे.

आपल्या हवेचं आधी बोलू. आपला हिवाळा तसा लहान, पण तऱ्हेवाईक. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. एरवी पहाटे कानटोपी लागते आणि दुपारी स्वेटर हातात घेऊन फिरावं लागतं. समुद्र लांब, त्यामुळे हवा कोरडी. आता कोणी विचारेल, आपल्या मे महिन्यातली दुपारही कोरडीच असते, मग तेव्हा टाचा अशा का फुटत नाहीत? मला हा प्रश्न फार आवडतो. मे महिन्यात आपल्याला घाम येत असतो, त्वचेतल्या ग्रंथींचं तेल पाझरत असतं, घरात दिवसभर कूलर ओली हवा फेकत असतो आणि आंघोळीला आपण गीझर लावत नाही. (दुपारी टाकीचंच पाणी कढत येतं, ती गोष्ट निराळी.) डिसेंबरात घाम थांबतो, तेल कमी होतं, कूलर माळ्यावर जातो आणि नेमकं तेव्हाच आपण अंगावर वाफाळतं पाणी ओतायला लागतो. म्हणजे हवेचा दोष आहेच. पण निम्मं काम आपण न्हाणीघरात करतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो. त्यात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत सिमेंटसारखी चरबी असते. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं मिळून ती बनते. आतलं पाणी बाहेर उडू न देणं हे तिचं काम. गरम पाण्यात ही चरबी सैल होते आणि साबण ती धुऊन नेतो. त्वचेचा स्वभाव मुळात किंचित आम्ल, सामू साधारण ५ च्या आसपास. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. वेष्टनावर बाळाचं चित्र असलं तरी साबण तो साबणच. सौम्य हवं असेल तर 'सिंडेट' प्रकारची, म्हणजे साबण नसलेली वडी किंवा क्लेन्झर मागा.

तर आंघोळ कशी करायची? कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. अंग पुसल्यावर पाठ लाल दिसली तर पाणी जास्त गरम होतं, थर्मामीटर लागत नाही. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच लावा. हातांना, पोटऱ्यांना, पाठीला रोज साबण कशाला? आपण काही खाणीतून येत नाही. घासणी, वजरी, नायलॉनची जाळी दोन महिने बाजूला ठेवा. "डॉक्टर, साबणाशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही," असं मला नेहमी ऐकवतात. हे वाटणं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो की खाज हवी की समाधान.

आता लावण्याकडे येऊ. टॉवेलने अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावायचं. कोरड्या अंगावर दुपारी लावलं तर अडवायला पाणीच नसतं. खरी गडबड प्रमाणात होते. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण वीस-तीस ग्रॅम लागतं. शंभर मिलीची बाटली दिवाळीला आणून संक्रांतीपर्यंत पुरवणारी मंडळी इथे बसलेली आहेत, मला दिसताहेत. म्हणून महागडी छोटी बाटली घेऊ नका, साधी मोठी घ्या. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि पाणी अडवण्यात तिच्याइतकं चांगलं फार थोडं आहे. चिकट लागते म्हणून रात्री लावा. ग्लिसरीनही उत्तम, पण नुसतं नको. पाण्यात मिसळून ओल्या अंगावर लावायचं. कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन त्वचेतलंच पाणी ओढतं.

तेलाचा प्रश्न येणारच. खोबरेल चांगलं, त्याबद्दल मनात किंतु नको. आपल्याकडे थंडीत ते गोठतं, कारण ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होतं. बाटली उन्हात ठेवली की झालं. सूर्यफुलाचं तेलही त्वचेला मानवतं. मोहरीचं तेल मात्र एक्झिमाच्या अंगाला आणि तान्ह्या बाळाला लावू नका, झोंबतं. तेल आंघोळीआधी लावलंत तर मग बेसनाने खसाखसा काढू नका. दिवाळीचं अभ्यंग वर्षातून एकदा ठीक आहे. रोज उटणं म्हणजे रोज घासणं. पाणी भरपूर प्या म्हणून सांगतात. प्या, पण त्याने पोटरी मऊ होत नाही.

संत्र्यांच्या गावात बसून हे बोलायचं म्हणजे धाडसच, पण वाळवलेल्या सालींची पूड चेहऱ्याला चोळू नका. ती खरखरीत असते आणि सालीतलं तेल फुटलेल्या त्वचेला आग आणतं. लिंबाचा रस लावून गच्चीवर बसणं तर त्याहून वाईट, उन्हात तिथे काळे डाग उमटतात. संत्री खा, हवी तितकी.

उन्हाचंही ऐका. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे चांगला वर. ऊन गोड लागतं म्हणून आपण तासन्‌तास बसतो आणि वांग गडद होतो. पाठ उन्हाकडे करा, चेहऱ्याला सनस्क्रीन लावा. शेकोटीशी रोज फार जवळ बसणाऱ्यांच्या नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, ते लवकर जात नाहीत. लोकर टोचत असेल तर आत सुती बनियन घाला.

आता थोडं गंभीर. प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, कमरेवर बारीक पुरळ आहे आणि घरात आणखी कोणी खाजवून राहिलं आहे, तर ती खरूज समजा. थंडीत एका पांघरुणात दाटीने झोपल्याने ती पसरते. तिथे मॉइश्चरायझर काय करणार? सगळ्या घराने एकाच वेळी औषध घ्यायचं, ज्याला खाज नाही त्यानेही. गोल कडेचा चट्टा असेल तर गजकर्ण असू शकतं. आणि अंगावर काहीच दिसत नाही पण महिनाभर खाज सुटत नाही, तर थायरॉईड, मूत्रपिंड, यकृत, साखर तपासून घ्या. साठीनंतर हे टाळू नका.

यातला सगळ्यात मोठा घोळ दुकानातून आणलेल्या ट्यूबचा. खाज म्हटली की काउंटरवरून स्टेरॉइड मिसळलेली क्रीम हातात पडते. दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून शेजारणीलाही दिली जाते. गजकर्णावर लावली तर बुरशी आत फोफावते, चेहऱ्यावर लावली तर त्वचा पातळ होऊन लाल पडते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मिळतात, हे तुम्हीही जाणता. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही छापलं असेल तर ती आपणहून लावायची नाही.

टाचांसाठी रात्री दहा मिनिटं कोमट पाणी, मग जेली किंवा युरिया असलेलं मलम, वर सुती मोजे. ब्लेडने साल काढणं बंद. मधुमेह असलेल्यांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. तुमच्या पायांना चटका कळेलच असं नाही, म्हणून पाय पाण्यात बुडवत बसू नका, शेकू नका, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका. रोज रात्री तळवा आरशात पाहा, नाही तर नातवाला पाहायला सांगा. भेगेतून रक्त किंवा पाणी दिसलं, तर मलम शोधत बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायला या. येताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणा, संपलेल्यासुद्धा.