एकेरी पायवाट

(दृश्य: लातूरची एक अभ्यासिका. रात्र. मोबाईलवर फिरणारा अंगठा.)

उद्या १७ सप्टेंबर. अकरावीतल्या या पोरीला मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषण करायचंय, म्हणून तिनं विकिपीडिया उघडलाय. निळं अक्षर दिसलं की अंगठा टेकतो. निजामावरून रझाकार, त्याच्या बाजूची सशस्त्र संघटना. रझाकारांवरून त्यांचा नेता कासीम रझवी. हा वकील लातूरचाच, म्हणून ती जरा रेंगाळते. मग ऑपरेशन पोलो, म्हणजे आपल्याकडची 'पोलीस ॲक्शन'. सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ला निजाम शरण. झालं भाषण.

आणि १८ तारखेपासून पुढे?

नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती इकडे पाठवली होती. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नोंदवले, आणि पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांची झालेली कत्तलही. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आज इंग्रजी विकिपीडियावर त्याबद्दल वाचायला मिळतं; कुणी लपवलेलं नाही.

फक्त अंगठा तिकडे वळला नाही.

(दृश्य: संपादनाची खिडकी.)

दुवा बहुतेक वेळा माणूसच घालतो. संपादक शब्दाभोवती दुहेरी चौकोनी कंस टाकतो, तेव्हा, त्या नावाचं पान असेल तर, तो निळा होतो. कुठला शब्द निळा करायचा, वर घ्यायचा की सातव्या परिच्छेदात, हे तोच ठरवतो. वाचक बहुतेक वरच्या दुव्यांवरच टिचकी मारतात. खालचे तसेच पडून राहतात. शिवाय दुवा एकेरी. बांधावरची पायवाट जाता-येता चालते, हिचं तसं नाही. समितीच्या पानावरून मुक्तिसंग्रामाकडे रस्ता असेल, तिकडून इकडे असेलच असं नाही. ज्या पानाकडे कुणीच बोट दाखवत नाही, ते पोरकं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा का असेना.

साधनपेटीत 'येथे काय जोडले आहे' असा एक पर्याय असतो. उलटं चालत जायचं तर तो. पण तो उघडतो कोण?

(दृश्य: पुन्हा अभ्यासिका.)

आम्ही तिला सुंदरलाल समितीचं नाव सांगितलं. तिनं ते टाईप करून शोधलं. उस्मानाबादच्या ओळीवर अंगठा थांबला. आजोळ तिकडचं.

"हे भाषणात घेऊ का गं?" तिनं शेजारच्या मैत्रिणीला विचारलं.

"घे की. पण सर काय म्हणतील?"