लॉटरीत वाटलेलं बेट

नमस्कार श्रोतेहो.

कॅनडाच्या पूर्वेला, सेंट लॉरेन्सच्या आखातात, प्रिन्स एडवर्ड आयलंड हा त्या देशाचा सर्वांत लहान प्रांत आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर. डोंगर नाहीत, सर्वांत उंच जागा जेमतेम १४० मीटर. वालुकाश्मातल्या लोहामुळे माती तांबडीलाल, आणि बटाट्याला फार मानवणारी.

या प्रांताचा कारभार कळायला एका मोजणीपासून सुरुवात करावी लागते. १७६३च्या तहानं हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं. पुढच्याच वर्षी सॅम्युअल हॉलंड मोजणीला आले. त्यांनी बेटाच्या तीन काउंटी, म्हणजे जिल्ह्यांसारखे भाग, केल्या आणि सुमारे वीस-वीस हजार एकरांचे ६७ लॉट, म्हणजे जमिनीचे तुकडे, पाडले. मूळच्या मिकमॉ लोकांसाठी त्यात एकही लॉट राखला गेला नाही. जुलै १७६७मध्ये लंडनला एका दिवसात सोडत काढून जवळजवळ सगळे लॉट वजनदार मंडळींना वाटले गेले. अटी दोन: सरकारला ठरावीक सारा भरायचा आणि दहा वर्षांत दर दोनशे एकरांमागे एक माणूस वसवायचा. बहुतेकांनी दोन्ही अटी पाळल्या नाहीत.

याचा फटका थेट कारभाराला बसला. १७६९मध्ये बेट शेजारच्या नोव्हा स्कोशिया वसाहतीपासून वेगळं झालं ते अधिकाऱ्यांचे पगार या साऱ्यातून निघतील या हिशेबावर. सारा थकला आणि पगारही थकले. जंगल तोडून शेत काढणारी कुळं मात्र परदेशी बसलेल्या मालकाला खंड देत राहिली.

मोजणीतही एक मेख होती. लॉटच्या हद्दी त्या वेळच्या होकायंत्राच्या उत्तरेवर धरलेल्या होत्या, आणि चुंबकीय उत्तर काही एका जागी राहत नाही. सुईत एका अंशाचा फरक पडला, तर मैलभर लांबीच्या रेषेचं टोक सुमारे ९२ फूट सरकतं, म्हणजे शेजाऱ्याचं अख्खं कुंपण आत येतं. बांधावरून तंटे वाढले, तेव्हा बेटाची राजधानी शार्लटटाउनमध्ये दिशादर्शक दगड रोवले गेले. मोजणीदारानं आधी तिथं सुई तपासायची, फरक काढायचा आणि मगच शेतात रेषा धरायची.

कॅनडाच्या एकीकरणाची पहिली परिषद १८६४ साली इथंच भरली, पण बेट सामील झालं १८७३मध्ये. निमित्त रेल्वेचं. ठेक्यात मैलामागे दर ठरवला, एकूण लांबी मात्र बांधून घेतली नाही. रूळ वळणं घेत लांबले आणि प्रांत कर्जात बुडाला. कॅनडानं कर्जाचा भार उचलला, मालकांकडून जमिनी विकत घ्यायला आठ लाख डॉलर देऊ केले आणि मुख्य भूमीशी बारमाही वाहतुकीची हमी दिली. १८७५च्या कायद्यानं जमिनींची सक्तीनं खरेदी सुरू झाली. कुळांना मालकी मिळाली ती तिथून पुढे, आणि तीही फुकट नव्हे, हप्ते भरून. वाहतुकीची हमी बर्फामुळे वर्षानुवर्षं लंगडत राहिली. सामुद्रधुनीवरचा १२.९ किलोमीटरचा पूल १९९७मध्ये खुला झाला.

लॉट क्रमांक पत्त्यांत आणि नकाशांत आजही आहेत. काउंट्यांना स्वतःचं सरकार नाही. जमिनीबाबत मात्र प्रांत कमालीचा सावध आहे, आणि तो इतिहास पाहता ते रास्तच म्हणायला हवं. १९८२च्या कायद्यानं एका व्यक्तीला एक हजार, कंपनीला तीन हजार एकरांची कमाल मर्यादा घातली. प्रांताबाहेर राहणाऱ्याला पाच एकरांहून जास्त जमीन किंवा १६५ फुटांहून लांब किनारपट्टी घ्यायची असेल, तर प्रांताच्या मंत्रिमंडळाची परवानगी काढावी लागते.