सातासमुद्रापारचं पुस्तक

टेबलावर हे जे पुस्तक दिसतंय, ते दुसऱ्या देशातल्या एका ग्रंथालयाचं आहे. कव्हरभोवती कागदी पट्टी. पट्टीवर मालक ग्रंथालयाचं नाव, मागणीचा क्रमांक, परतीची तारीख आणि एक अट: ‘फक्त ग्रंथालयात बसून वाचावे’. ज्याच्यासाठी ते आलं, त्या वाचकाला तिकडे कुणी ओळखत नाही. कारण पुस्तक त्याला दिलेलंच नाही. एका ग्रंथालयाने ते दुसऱ्या ग्रंथालयाला दिलंय.

आंतरग्रंथालयीन देवघेव उभी आहे ती यावरच. ग्रंथालयांची जागतिक संघटना म्हणजे इफ्ला. या व्यवहाराची तत्त्वं तिने १९५४ मध्ये मान्य केली, पुढे वेळोवेळी सुधारली. त्यातलं एक तत्त्व फार मोलाचं: मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत तिथे पोहोचेपर्यंत पुस्तकाची जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाची. वाटेत भिजलं, हरवलं, तरी भरपाई त्यानेच करायची. कधीही न भेटलेल्या वाचकासाठी कपाटातून पुस्तक निघतं, ते या शब्दावर. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

इच्छा तर जुनीच. सतराव्या शतकात पेइरेस्क नावाच्या फ्रेंच विद्वानाने पॅरिसचं राजग्रंथालय आणि रोममधली ग्रंथालयं यांच्यात अशी देवघेव सुरू व्हावी म्हणून खटपट केली होती.

आज वाचक मागणी नोंदवतो ती आपल्याच ग्रंथालयात. ग्रंथपाल आधी देशातल्या देशात शोधतात. नाहीच मिळालं, तर वर्ल्डकॅटसारख्या संयुक्त तालिकेत पाहतात. जगभरातल्या हजारो ग्रंथालयांच्या नोंदी तिथे एकत्र सापडतात. मागणी मात्र नेमकी हवी. आवृत्ती चुकली, तर इतक्या लांबून आलेल्या पुस्तकातही हवं ते पान मिळत नाही.

मग पैसे. परदेशी चलनात किरकोळ रक्कम पाठवायची, तर बँकेचा खर्चच मूळ रकमेहून जास्त व्हायचा. त्यावर इफ्लाने १९९५ मध्ये प्लास्टिकची व्हाउचर काढली. पुस्तक मागवणाऱ्या ग्रंथालयाने व्हाउचर पाठवायचं; ज्याला मिळालं, त्याने ते जपून ठेवायचं आणि पुढे आपल्या मागणीसाठी वापरायचं. तोच तुकडा ग्रंथालयाग्रंथालयांतून फिरत राहायचा.

लेखांसाठी आता पार्सल लागत नाही, स्कॅन येतं. याला वेग मिळाला तो एका संकटातून. १९९७ च्या जुलैत पुराचं पाणी अमेरिकेतल्या कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरलं आणि लाखो खंड भिजले. वाचकांचं काम थांबू नये म्हणून इतर ग्रंथालयांतून लेख झटपट मागवण्याची जी व्यवस्था तिथल्या कर्मचाऱ्यांनी उभी केली, ती रॅपिड-आयएलएल (आयएलएल म्हणजे इंटरलायब्ररी लोन, हीच आंतरग्रंथालयीन देवघेव). पुढे इतर ग्रंथालयंही तिच्यात सामील झाली.

सगळंच मिळतं असं नाही. दुर्मिळ ग्रंथ, कोश, नियतकालिकांचे बांधीव खंड बहुधा जागचे हलत नाहीत. ई-पुस्तक तर अनेकदा परवान्याच्या अटींमुळेच अडतं, आणि हे खरोखर खटकतं: कागदी प्रत समुद्र ओलांडते, फाइल ओलांडत नाही.

तरी नकार आला म्हणून मागणी सोडू नका. आधी अनुक्रमणिकेची पानं मागवा. त्यात हवं ते प्रकरण दिसलं, तर तेवढ्याच प्रकरणाची प्रत मागा. कॉपीराइटच्या मर्यादेत बसत असेल, तर ती मिळू शकते.