डी अँड डी खेळणाऱ्यांचं वय : बेरीज 100, तरी माणसं गायब

48 टक्के मिलेनियल (जन्म 1981 ते 1996), 33 टक्के जेन झी (1997 पासूनचे), 19 टक्के जेन एक्स (1965 ते 1980). डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा टेबलाभोवती बसून फासे टाकत काल्पनिक पात्रं रंगवायचा गेम. तो कोण खेळतं याचे हे आकडे 2023 मध्ये तो विकणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनेच दिले. आता बेरीज करा. बरोब्बर 100. म्हणजे 1965 च्या आधी जन्मलेलं कुणीच हा गेम खेळत नाही? अहो, गेम काढला कोणी मग!

1974 ला पहिल्या 1000 प्रती निघाल्या तेव्हा गेम बनवणाऱ्या दोघांपैकी गॅरी गायगॅक्स 35 चा, डेव्ह आर्नेसन 26 चा, आणि घेणारे बहुतेक वॉरगेमवाले, टेबलावर इवलेसे सैनिक मांडून लढाया करणारे बाप्ये नि कॉलेजची पोरं. पण त्याच्याही आधी, 1972 मध्ये, अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हा गावात गायगॅक्सने घरी ट्रायल घेतली ती स्वतःच्या शाळकरी पोरांवर, अर्नी आणि एलिस. अर्नी 1959 चा. अगदी पहिल्या काही खेळाडूंपैकी एक, आणि 2023 च्या चार्टमध्ये त्यालाच जागा नाही.

मग शाळेतली पोरं आली. 1981 च्या बेसिक सेटच्या, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या डब्याच्या, कव्हरवर काय छापलंय बघा, तीन किंवा जास्त अडल्ट्ससाठी, वय 10 आणि पुढे. दहा वर्षांचा अडल्ट! दोन्ही गिऱ्हाईकं हवी होती, दुसरं काय.

मोजणीतली ही गडबड जुनीच आहे. 2000 साली ज्याचा रिपोर्ट आला त्या सर्व्हेत विझर्ड्सनेच फक्त 12 ते 35 वयाचे लोक घेतले. 35 च्या पुढचेही भरपूर आहेत हे माहिती होतं, रिपोर्टमध्ये तसं लिहिलंयसुद्धा, पण सर्व्हे आवाक्यात ठेवायचा होता म्हणे. म्हणजे 1960 चा माणूस तेव्हा चाळिशीचा म्हणून बाहेर, आणि 2023 मध्ये त्रेसष्टचा, तरी बाहेरच.

तरुण वाढले हे मात्र खरं. 2014 ला गेमची पाचवी एडिशन आली, मग क्रिटिकल रोलचे स्ट्रीम, म्हणजे कलाकार मंडळी डी अँड डी खेळतात तो ऑनलाइन शो, मग 2016 ला नेटफ्लिक्सची स्ट्रेंजर थिंग्ज मालिका, त्यात 1983 ची पोरं खेळताना बघून आजच्या पोरांनी फासे घेतले. आणि 1983 ची खरीखुरी पोरं? ती आता पन्नाशीत, त्या 19 टक्क्यांत. त्यांच्याहून मोठ्यांना कंपनी कशाला मोजेल, कपाटातल्या जुन्या पुस्तकांवर ज्यांचं मस्त चाललंय त्यांना नवीन विकणार काय!