पाटाकाठची शर्यत

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी एक दगडी बंधारा आहे. त्यातून निघालेल्या पाटाच्या कडेने, बाभळींच्या सावलीतून, एक पायवाट जाते. आमच्या शाळेची क्रॉस कंट्री शर्यत दर हिवाळ्यात याच वाटेवर होत असे.

मैदानावरच्या ट्रॅकची फेरी चारशे मीटरची असते आणि ती जगात कुठेही तेवढीच भरते. क्रॉस कंट्रीला हे माप लागू पडत नाही, कारण तिथे चढ, चिखल आणि नांगरट यांचाही हिशेब धरावा लागतो. त्यामुळे एका मार्गावरची वेळ दुसऱ्या मार्गावरच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही. ती ताडायची तर त्याच वाटेने आधी धावलेल्या थोरल्या भावाच्या वेळेशी, आणि तो वाद आमच्याकडे घरोघरी चालत असे.

हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळांतून रुजला. पुढे पळणारी मुले कागदाचे कपटे टाकत जात आणि मागची त्या मागावरून त्यांना गाठत. १९१२ साली तो ऑलिंपिकमध्ये आला. १९२४ मध्ये पॅरिसला मात्र जुलैच्या कडक उन्हात ३८ धावपटू सुटले आणि १५ जणच पोहोचले. शर्यत फिनलंडच्या पावो नुर्मीने जिंकली, पण त्यानंतर ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा झाली नाही. खानदेशातला उन्हाळा सोसलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

न्यूयॉर्कच्या व्हॅन कॉर्टलँड पार्कमध्ये शंभराहून अधिक वर्षे अशा शर्यती होत आहेत. तिथल्या एका टेकडीवर जुने कौटुंबिक दफनस्थान असल्याने धावपटू तिला ‘सिमेटरी हिल’ म्हणतात. आमच्या वाटेला असे नावाजलेले काही नव्हते. तिच्याजवळ होते ते फडाचे पाणी.

पांझरेवरची फड पद्धत काही शतकांची जुनी आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात शक्यतो एकच पीक, आणि पाण्याची पाळी शेतकऱ्यांनीच नेमलेल्या पाटकऱ्याच्या हाती. शर्यतीच्या आदल्या दिवशी खेळाचे सर पाटकरी आप्पांकडे जात आणि उद्या कोणता फड भिजणार आहे, ते विचारून घेत. त्याप्रमाणे वाट कधी उसाच्या बाजूने वळे, तर कधी हरभऱ्याच्या बांधावरून जाई. जी वाट आम्ही सगळे ‘आपली जुनी वाट’ म्हणून सांगतो, ती दोन वर्षे लागोपाठ एकसारखी क्वचितच राहिली असेल.

एका वर्षी फक्कीने आखलेला बाण रात्री पाटाच्या पाण्याने धुऊन नेला आणि आम्ही सहा जण सरळ ओल्या फडात शिरलो. काळी माती ओली असली की पावलागणिक तळव्याला नवा थर चढतो. वीस-पंचवीस पावलांत कॅनव्हासचे बूट ओढवेनासे झाले, तेव्हा आम्ही ते बांधावर टाकले आणि बाभळीचे काटे चुकवत अनवाणी निघालो. वळणावर खांद्यावर फावडे घेतलेले आप्पा हसू दाबत ओरडत होते, “पय रे भो, पय!” बूट दुसऱ्या दिवशी मिळाले, वाळून दगड झालेले.

पुढे विहिरी आणि कूपनलिका वाढल्या, नदीवर वरच्या बाजूला धरणे झाली, शेतांना तारेची कुंपणे आली. शर्यत तालुक्याच्या मैदानावर गेली. तिथे पाय मोकळे राहतात, हे मान्यच करायला हवे.

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही काही जण ती वाट पुन्हा चाललो. सर कायम पाच किलोमीटर सांगत, म्हणून एकाने मोबाइलवर अंतर मोजले. ते चार किलोमीटर तीनशे मीटर भरले. तीस वर्षे सांगितलेल्या वेळा एका क्षणात फुकट गेल्या, आणि थोडा वेळ कोणी बोलेना. मग आमच्यातला सर्वांत संथ धावणारा म्हणाला, “थांबा. त्या वर्षी पाणी कोणत्या फडात होतं, ते आधी ठरवा.”