मोरेलच्या शोधात: पावलांखालचे जंगल

पडद्यावर वाळलेल्या पानांचा जो थर दिसतो आहे, त्यात या क्षणी तीन मोरेल, म्हणजे खळगेदार छत्राच्या रानअळंब्या, उभ्या आहेत. कॅमेरा खाली, जमिनीलगत नेल्यावर पहिली दिसते. उरलेल्या दोन नजरेला पडायला आणखी थोडा वेळ जातो. हिमालयाच्या परिसरात गुच्छी या नावाने ओळखली जाणारी अळंबी मोरेलच्याच, म्हणजे मॉर्केला प्रजातीतील आहे. तिचा रंग पाचोळ्याशी इतका मिळून जातो की, शोधणाऱ्याला रंगापेक्षा छत्रावरील खळग्यांच्या आकृतीचाच आधार घ्यावा लागतो. या खळग्यांच्या आतील पृष्ठभागावर सूक्ष्म पिशव्या असतात, प्रत्येक पिशवीत साधारणपणे आठ बीजाणू तयार होतात आणि पिशवी फुटली की ते जोराने हवेत फेकले जातात.

हंगाम वसंतातला आणि थोडक्या दिवसांचा असतो. जमिनीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, पाऊस पडून गेला आणि रात्रींमध्ये थोडा गारवा उरला असला, की उत्तर गोलार्धात आधी दक्षिणेकडे तोंड असलेल्या उबदार उतारांवर मोरेल उगवतात आणि मग उत्तरेकडील उतारांवर. डोंगराळ भागात हंगाम असाच पायथ्याकडून वर सरकत जातो.

आता समोर दिसणारे झाड एल्म या पानझडी वृक्षाचे आहे आणि ते मेलेले आहे. त्याची साल खोडापासून सुटू लागली आहे, पण पुरती गळून पडलेली नाही, आणि जाणता माणूस दुरून हेरतो ती नेमकी हीच खूण. एल्मना मारणारा डच एल्म रोग १९३०च्या सुमारास उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि पुढील दशकांत असंख्य झाडे वाळून गेली. त्यामुळे तेथील मोरेल शोधणारे आधी वर, फांद्यांकडे पाहतात आणि मग झाडाच्या बुंध्याभोवती वाकतात. झाड मरू लागल्यावर मुळांभोवतीच्या कवकजालाचा, म्हणजे अळंबीच्या जमिनीखालील तंतूंच्या जाळ्याचा, अन्नपुरवठा बदलतो आणि ते फळू लागते, असे मानले जाते. वणव्यात होरपळलेल्या सूचिपर्णी जंगलातही पुढच्याच वसंतात राखेतून मोरेल वर येतात. वाळलेले झाड दिसताच ते तोडून जंगल ‘स्वच्छ’ करण्याची घाई ज्यांना असते, त्यांनी या बुंध्याशी थोडे थांबून पाहायला हरकत नाही.

हातातील चाकूकडे लक्ष द्यावे. देठ जमिनीच्या किंचित वर कापला जातो, माती तेथेच झटकली जाते आणि मगच मोरेल टोपलीत जाते, कारण एका देठाला चिकटलेली माती टोपलीतील सगळ्या अळंब्यांच्या खळग्यांत शिरते आणि नंतर निघता निघत नाही. जाळीच्या पिशवीतून बीजाणू सांडत गेले की पुढच्या वर्षीचे पीक पेरले जाते, ही समजूत लोभस असली तरी तिला भक्कम पुरावा नाही. कापावे की उपटावे, हा वादही जुना आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७५पासून जवळजवळ तीन दशके चाललेल्या एका अभ्यासात जंगलातील अळंब्या कापल्याने किंवा उपटल्याने पुढील उत्पादन घटल्याचे आढळले नाही. घट झाली ती जमीन पायांखाली तुडवली गेल्याने. म्हणूनच या दृश्यातील माणसे एकामागून एक, त्याच पायवाटेने चालताना दिसतात, आणि एखादी मोरेल सापडली की पुढे धावण्याऐवजी जागच्या जागी गुडघ्यावर बसून सभोवार नजर फिरवतात.

उभी चिरलेली ही अळंबी पाहावी. खऱ्या मोरेलमध्ये छत्रापासून देठापर्यंत एकच सलग पोकळी असते आणि बहुतेक जातींत छत्राची खालची कड देठाशी जोडलेली असते. शेजारची, मेंदूसारख्या वळ्यांची अळंबी गायरोमिट्रा, म्हणजे नकली मोरेल, आहे. ती आतून कप्प्याकप्प्यांची असते. तिच्यातील गायरोमिट्रिन या रसायनापासून शरीरात मोनोमिथाइल हायड्राझिन हे विष बनते, जे रॉकेटच्या इंधनातही वापरले जाते.

खरी मोरेलसुद्धा कच्ची खाऊ नये. २०२३ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात, बोझमन येथे एका उपाहारगृहातील कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मोरेलमुळे ५१ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. ज्या जुन्या सफरचंदबागांमध्ये पूर्वी शिसे व आर्सेनिक असलेले कीटकनाशक फवारले जात असे, तेथील मोरेल तर शिजवूनही खाण्याजोग्या ठरत नाहीत, कारण उष्णतेने हे धातू नष्ट होत नाहीत.