पुढची तारीख

(बाकावर बसलेली माणसं. फक्त हात.)

चेहरे दाखवायला परवानगी नाही, म्हणून हात पाहा. हा कागद घड्या घालघालून विरलाय. हजेरीचा आहे. ही माणसं दोषी ठरलीत, पण तुरुंगात नाहीत, प्रोबेशनवर आहेत: अटी पाळून, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर. नोकरीतलं प्रोबेशन नव्हे. इथे पर्मनंट व्हायची कुणाची इच्छा नसते.

(जुनं रेखाचित्र. बूट शिवणारे हात.)

या कामाची सुरुवात एका बूट बनवणाऱ्याने केली. १८४१, बॉस्टन. जॉन ऑगस्टस पोलिस कोर्टात बसला होता. दारूच्या आरोपाखाली आणलेल्या एकाशी तो चार शब्द बोलला आणि त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तो माणूस पुन्हा कोर्टात आला तो ओळखू न येण्याइतका बदलून. दंड झाला एक सेंट, वर कोर्टाचा खर्च. पुढे ऑगस्टस जवळजवळ दोन हजार जणांना जामीन राहिला. पगार नाही. पण वाटेल त्याला हात द्यायचा नाही. आधी चौकशी: वय काय, वागणूक कशी, संगत कुणाची. मग कामधंदा, राहायची सोय. सगळ्याची वहीत नोंद. माणूस आत पाठवला की ज्यांना पैसे मिळत, ते कोर्टाचे कर्मचारी ऑगस्टसवर खार खाऊन असत. मॅसॅच्युसेट्सने कायदा केला १८७८ मध्ये. तोवर ऑगस्टस हयात नव्हता.

(टेबल. फायलींचे गठ्ठे.)

त्या वहीचं हे असं झालं. कोर्टाला अहवाल, पुन्हा गुन्हा होण्याच्या धोक्याचं मूल्यमापन, घरभेट, हजेरी, आणि हे सगळं पुन्हा कॉम्प्युटरवर. अधिकाऱ्याची नजर समोरच्या माणसाकडे किती वेळा जाते, मोजा. शॉट कुठेही कापलेला नाही.

(घोट्यावरचा पट्टा. भिंतीतून आलेली वायर.)

माणूस कुठे आहे ते हा पट्टा कळवतो. तो पायातच ठेवून चार्ज करायचा. माणूस वायरच्या टप्प्यात बसून राहतो. बॅटरी उतरली की इशारा जातो. प्लग ढिला होता की माणूस पळाला, ते पट्ट्याला कळत नाही. ते फोन करून कुणीतरी विचारावं लागतं.

इंग्लंड-वेल्सने २०१४ मध्ये काम वाटून पाहिलं. जास्त धोक्याचे सरकारकडे, बाकीचे कंपन्यांकडे. काहींची देखरेख फोनवरच उरकली जाऊ लागली. २०२१ मध्ये सगळं पुन्हा सरकारकडे आलं.

(भिंतीवरचं घड्याळ.)

हजेरी चुकली तर? अमेरिकेत २०१७ साली राज्यांच्या तुरुंगांत दाखल झालेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा प्रोबेशनच्या किंवा पॅरोलच्या (तिथे पॅरोल म्हणजे शिक्षा संपण्याआधी देखरेखीखाली सुटका) अशाच अटी मोडणाऱ्यांचा होता. नवा गुन्हा न करता.

(बाक. कागदाची घडी उलगडते.)

नाव पुकारलं गेलंय. आत तीन मिनिटं. बाहेर येताना कागदावर नवी तारीख.